विहारातली खुर्ची

रविवार, संध्याकाळ

इथे इंग्लंडमध्ये मेडिकल कॅनबिसच्या, म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गांजाच्या औषधाच्या, ऑनलाइन क्लिनिकमध्ये मी नर्स. घरूनच व्हिडिओवर पेशंट बघते, दार लावून, हेडफोन घालून. काय बोलणं झालं ते नवऱ्यालाही कळत नाही. औषधाचं पार्सलसुद्धा कोऱ्या खोक्यात जातं. एवढं सगळं सांभाळायचं आणि मग ती खुर्ची!

गुरुवारी स्क्रीनवर अचानक आपले विहारातले गायकवाडकाका. मी म्हटलं, तुम्हाला दुसऱ्या नर्सकडे देऊ का? "नको, तूच बघ. पण काकूला कळू देऊ नकोस. तिला वाटतंय, ऑपरेशननंतर पाठ बरी झाली. गांजाचं औषध म्हटलं तर धसका घेईल." खाली बसलं की पायापर्यंत कळ जाते म्हणाले.

आज मँचेस्टरच्या विहारात वंदनेला सगळे सतरंजीवर बसत होते. काका वाकले, आणि मी विचार न करता कोपऱ्यातली खुर्ची त्यांच्या मागे सरकवली. त्यांनी मागितली नव्हती.

काकूंनी लगेच विचारलं, "अगं, ह्यांना खुर्ची कशाला? तुला काही बोलले का हे?"

तोंडातून शब्द काढला नव्हता, तरी सांगून झालंच होतं की.

काका हसले. "पोरीला मी म्हातारा वाटतो." खुर्ची बाजूला केली आणि मांडी घालून खाली बसले.

वंदना संपेपर्यंत तसेच. रिकामी खुर्ची माझ्या शेजारी. उठताना काकूंनी हात पुढे केला. तो न घेता ते उठले, हसतच. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.