आंदणाची जोडी आणि बिनब्रेकची फटफटी

खामगाव, वऱ्हाड
पौष शुद्ध पंचमी

तीर्थस्वरूप शेषरावदादांचे चरणी धाकटी बहीण कोकिळा हिचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही नागपुराहून पाठविलेले पोचले ते असे: फटफटी, नग एक, लाकडी खोक्यात. विलायती तेलाचा डबा एक, त्यातले निम्मे तेल खोक्याने प्यालेले. वहिनींनी दिलेल्या संत्र्यांची टोपली एक (फटफटीच्या खालून काढावी लागली, त्यामुळे आता मुरंब्याच्याच लायकीची). जलंब स्टेशनाहून आणण्याचे भाडे साडेचार रुपये, हमाली बारा आणे, आणि वाटेत कोणाचा हातपाय मोडला नाही म्हणून मारुतीला नारळ दीड आणा. नारळ मी घरखर्चात धरला आहे, बाकीचे तुमच्या नावावर. वहिनींचे गुडघे कसे आहेत? निरगुडीच्या पाल्याचा शेक सोडू नये. इकडे सर्व खुशाल आहे असे लिहिण्याची रीत आहे, म्हणून लिहिले.

दादा, खुशाल काही नाही. बाबांनी मला आंदण दिलेल्या कपिला गाईची बैलजोडी, आपले चांद्या आणि पाखऱ्या, पैजेला लागली आहे, आणि ती तुमच्या पत्रामुळे. तुम्ही तुमच्या मेहुण्यांना लिहिलेत की हे एकच इंजिन विलायतेत राखेच्या गोल मैदानावर, डोंगराच्या चढावर, समुद्राच्या रेतीत आणि गवताच्या कुरणात सारखेच पहिले येते. मागच्या चाकाची दातचाकी तेवढी बदलायची. (दातचाकी म्हणजे जिच्यावरून साखळी फिरते ती दातेरी चकती, हे आता मला स्वयंपाक करताकरताही पाठ म्हणता येते.) ते पत्र तुमच्या मेहुण्यांनी शंकरपटाच्या मैदानात, बैलांच्या शर्यती ऐन रंगात आलेल्या असताना, मोठ्याने वाचून दाखविले. तिथे भगवंतराव होते. भगवंतरावांची जोडी चार तालुक्यांत पहिली येते, आणि हे ते स्वतःच चार तालुक्यांत सांगतात. ते म्हणाले, "सपाटीवर तं कुत्रंबी पयते हो! पूर्णेच्या रेतीतून काढून दाखवा, बोथ्याचा घाट चढवून दाखवा, मंग म्हना इंजिन. एका जनावराले तीन कामं जमत नाहीत." झाले. तुमच्या मेहुण्यांचा स्वभाव तुम्ही जाणता. तिन्ही ठिकाणी त्यांच्या जोडीच्या पुढे राहीन असे बोलून बसले, आणि एका ठिकाणी जरी हरलो तरी चांद्या-पाखऱ्या तुमचे, असेही. भगवंतरावांनी उलट काय लावले असेल? पागोटे! कपिलेच्या पोटची जोडी एकीकडे आणि धुऊन धुऊन विरलेले पागोटे एकीकडे. आंदण बाईचे असते, पण हे पटाच्या मैदानात आठवणार कोणाला? घरी आल्यावर मला सांगितले ते पाणी मागता मागता.

मी त्या रात्री एक घास कमी जेवले, एवढाच शोक केला. सकाळी देवापुढे बसून ठरविले की माझी जोडी गोठ्यातून हलायची नाही. पैज मोडायला सांगणे म्हणजे नवऱ्याचा शब्द खाली पाडणे. तेव्हा पैज जिंकायचीच, आणि ती जिंकली की हे यंत्र तुमच्या दारात परत. (हे वाक्य वहिनींना वाचून दाखवावे.)

पहिली शर्यत पटाच्या मैदानावर. आदल्या दिवशी डब्यातले तेल संपले. तसलेच तेल मुंबईहून मागवायचे तर पैसाही जातो आणि पटही उलटून जातो. तुमचे मेहुणे डोके धरून बसले असता मी डब्याचा वास घेतला. दादा, तो वास मी ओळखते, आणि तुम्हीही ओळखला असता, कारण लहानपणी आईने नाक दाबून पाजले ते हेच. एरंडेल! विलायतेत त्याला डबा आणि चित्र लावतात इतकेच. मी फडताळातली बुधली आणून ओतली. "अगं, हे इंजिन आहे, मूल नाही!" म्हणून तुमचे मेहुणे ओरडले, पण तोपर्यंत बुधली रिकामी झाली होती. फटफटी अशी चालली की विचारू नका, मात्र तिच्या मागे जो धूर निघाला त्याने आळीतली यच्चयावत पोरे घराबाहेर पळाली, आज सगळ्यांना जुलाब द्यायचे ठरले आहे असे समजून. शेजारच्या गोजरबाई पदर नाकाला लावून आल्या, "काऊन वं कोकिळा, कोनाले पाजून राह्यली एवढं?" आमचा गडी उकंडा गंभीरपणे म्हणाला, "फटफटीले. कालपासून तिचं पोट साफ नोयतं."

पटावर ती भगवंतरावांच्या जोडीच्या पुढे निघाली यात शंका नाही. शंका पुढे आली. दादा, तुम्ही एक गोष्ट लिहिली नाही, की या फटफटीला ब्रेकच नाही! मी खोके पुन्हा उलटेपालटे करून पाहिले, पेंढा झटकला, वाटले सुटा पाठविला असेल. विलायतेत त्या गोल मैदानावर ब्रेक लावीत नाहीत म्हणे. ते मैदान गोल आहे, माणूस फिरत राहू शकतो. आमचा पट सरळ आहे आणि पटाच्या पुढे जिनिंगला निघालेल्या कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. तुमचे मेहुणे तिसऱ्या गाडीत सापडले. कापूस होता म्हणून बरे, तूर असती तर मला हे पत्र दुसऱ्या शाईने लिहावे लागले असते.

दुसरी शर्यत पूर्णेच्या रेतीत. जाताना बाभळीचा काटा मागच्या चाकात शिरला आणि हवा निम्मी गेली. पंप घरी राहिला (कोणी विसरला ते लिहीत नाही, तुमचे मेहुणे आहेत). भगवंतराव हसून म्हणाले, "चाक तं बसलं, आता तुमीबी बसा." पण देवाची करणी पाहा, त्या बसक्या चाकाने रेतीवर उंटाच्या पायासारखा पाय पसरला. त्यांची जोडी घोट्यापर्यंत रुतत होती आणि आमचे एरंडेलाचे ढग काठाकाठाने पुढे चालले होते. जिंकलो. थांबलो पाण्यात. (धोतर फाटले. ते दोन्ही बाजूंनी नेसता येईल असे शिवले आहे.)

राहिला बोथ्याचा घाट, तो माघी पुनवेला. अट अशी की पाय न टेकता माथ्यावरच्या मारुतीपर्यंत त्यांच्या छकडीच्या आधी पोचायचे. गेल्या बुधवारी पाहणी केली. दुसऱ्या वळणावर इंजिन धापा टाकू लागले, धूर काळा झाला, आणि फटफटी तुमच्या मेहुण्यांसकट मागे मागे येऊ लागली. ब्रेक नाही हे पुढे जाताना जितके कळते त्याहून मागे येताना जास्त कळते. उकंड्याने दगड लावला म्हणून बरे झाले. भगवंतरावांना ही बातमी आमच्या आधी पोचली. दुसऱ्या दिवशी ते दारात आले आणि गोठ्याकडे पाहत मलाच म्हणाले, "बाई, त्यायले सरकी किती घालता? आमच्याकडं आल्यावर फरक नाई पडला पायजे." मी म्हटले, "घालते मी. घालीन मीच." आणि ताक न विचारता पाठ फिरविली, जे माझ्या हातून आजवर कोणाच्याही बाबतीत झाले नव्हते.

तेव्हा आता कामाचे. शेव-चकलीचा सोऱ्या एकच असतो, चकती बदलली की पदार्थ बदलतो, हे तुम्हाला सांगायला नको. तुमचे इंजिनही तसेच असेल. तुमच्या पत्रावर माझा विश्वास आहे, कारण दोन ठिकाणी ते खरे ठरले. पण तुम्ही शेवेची चकती घालून पाठविलेत आणि आम्ही चकल्या पाडू पाहतो आहोत. चढासाठी जी मोठी दातचाकी लागते ती, आणि तिला पुरेल इतकी लांब साखळी, माघी पौर्णिमेच्या आत पाठवावी. पैज संपली की फटफटी परत घेऊन जावी. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपली आज्ञाधारक,
कोकिळा

ता. क. पार्सल माझ्या नावाने पाठवावे. वर "मुरंब्याची भांडी" असे लिहिले तरी हरकत नाही.

ता. क. दुसरा. तुमचे मेहुणे कापसाच्या काट्यावर बसले तेव्हा तोलणाऱ्याने दुसरे माप मागविले. नुसत्या दातचाकीने भागणार नाही असे दिसते. नंतर मी काट्यावर उभी राहिले. तोलणारा म्हणाला, "बाई, अजून चढा." मी चढलेलीच होते.

ता. क. तिसरा. पैजेत शब्द इंजिनाचा आहे, बसणाऱ्याचा नाही. भगवंतराव स्वतः कुठे छकडी हाकतात? त्यांचा माणूस हाकतो. तुम्हीच मला अंगणात सायकल शिकविली होती आणि आईला "पोरगी पडत नाही" असे सांगितले होते, ते अजून खरे आहे. सध्या रोज सकाळी पूजा आटोपून मी फटफटी मळ्यात काढते, उकंडा राखणीला उभा राहतो, तुमचे मेहुणे झोपलेले असतात, आणि नऊवारीला काही होत नाही. चांद्या-पाखऱ्या पहिल्या दिवशी बुजले, आता बघतही नाहीत. फटफटी परत नेण्याविषयी वर लिहिले आहे, त्याची घाई करू नये. चालू करणे, वळविणे, सगळे आले. फक्त थांबण्यासाठी रोज कडब्याची गंजी लागते, आणि घाटमाथ्यावर गंजी नाही, मारुतीचे देऊळ आहे. तरी विलायतेत ही फटफटी थांबवितात कशी, तेवढे उलट टपाली कळवावे.