आत्यांना न आवडणारी बाई

२ डिसेंबर, मांडवगण
आत्यांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, रानात जायला बंदी. घरात बसून वैतागल्यात. म्हणून शिरूरच्या वाचनालयातून आणलेली कादंबरी दुपारी मोठ्यानं वाचायला घेतली. पहिल्याच पानावर सुमित्रा झोपलेली पोर सोडून घरातून निघून जाते. का, ते सांगितलेलं नाही.
आत्या म्हणाल्या, "बंद कर. असली बाई नगं मला."
आम्ही एकमेकींकडं बघितलं नाही. शोभाताई, माझी नणंद, कोरेगावचं सासर सोडून अशीच गेली. तिची लेक तिथंच राहिली. मामंजींनी तेव्हा सांगितलं, तिचं नाव घ्यायचं नाही. मामंजी गेले, तरी कुणी घेत नाही.

५ डिसेंबर
सकाळभर शेवंतीची तोडणी. कंबर गेली. दुपारी आत्याच म्हणाल्या, "त्या भवानीचं काय झालं फुडं?"
वाचलं. सुमित्रा खोटं बोलते, मदतीला आलेल्या शेजारणीला हाकलून देते. जिन्यात पाय वाजले की कडी लावून घेते. मलाही आवडत नाही ती. तरी जीव टांगणीला लागलाय.
"नवऱ्यानं काय केलं हुतं का तिला?"
"अजून लिहिलं न्हाई, आत्या."
"कुणी इचारलं का तिला?"
मी न्हाई म्हणाले.
आत्या म्हणाल्या, "शोभीला बी न्हाई इचारलं."

८ डिसेंबर
आत्यांना सांगून टाकलं, शोभाताईचा नंबर आहे माझ्याकडं. यवतला खानावळीत पोळ्या करते. त्या चिडल्या नाहीत. लाव म्हणाल्या.
ताई फोनवर म्हणाली, "वहिनी, तिला सांग, मी मेले."
फोन स्पीकरवर होता.

१२ डिसेंबर, यवत
तरीही आलो. ताई केवढी वाळलीय! पिठाच्या हातांनीच बाहेर आली.
"आता सुचलं व्हय तुला? पोर टाकली म्हणून गाव बोंबलतंय. माहेरी पळून आले तवा मला त्या घरात परत कोण घालून आलं, ते न्हाई कुणी बोलत."
आत्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "येळेवर जेवतीस का गं?"
ताई आत गेली, ती आलीच नाही. चहा तेवढा आला बाहेर.

१३–१६
पुस्तकाचं नावही कुणी काढलं नाही. आत्या भिंतीकडं तोंड करून.

१७ डिसेंबर
एकटीनंच संपवलं. सुमित्रा का गेली ते अगदी शेवटी कळतं. वाईट आहे. लिहवत नाही.
मी भाकरी थापत होते, तेव्हा आत्यांनी विचारलं, "तिची आई कुठं हुती गं?"
खोटं बोलता आलं नाही. "लेक का गेली ते कळायच्या आधीच वारली."
जेवल्या नाहीत.

१८ डिसेंबर
सकाळी आत्या चष्मा लावून, इस्त्रीचं लुगडं नेसून तयार. "तू येऊ नगंस." एकट्याच एसटीत बसल्या. हे माझ्यावरच खेकसले, जाऊ कसं दिलंस?
संध्याकाळच्या गाडीतून आत्या उतरल्या नाहीत. फोन लावला. ताईनंच उचलला.
"हाय हितंच. आल्यापास्नं रडतीय."
"आन् तुम्ही, ताई?"
"मी कशाला रडू?" मग मागं भांडी वाजली, कुणीतरी हाक मारली. "आज ऱ्हाऊ दे तिला. उद्याचं मला म्हाईत न्हाई. आन् वहिनी, न्यायला कुणाला धाडू नगं."