ग्लासावरचा चमचा

प्रिय आई, माझी नानाय,
आशीर्वादासाठी तुझा हात मनातल्या मनात कपाळाला लावून लिहायला बसले आहे.

मी बरी आहे. मनिलात खोली हवेशीर मिळाली, जेवायला रोज भात आणि मासळी असते. तुझा गुडघा कसा आहे? डुकरीण व्यायली का?

फोनवर अमेरिकन गिऱ्हाइकांशी बोलायचं ट्रेनिंग चालू आहे. शिकवणाऱ्या लुर्डेसबाई मायाळू आहेत. फक्त कुणी क्रियाविशेषणाच्या जागी विशेषण वापरलं, 'क्विकली'ऐवजी 'क्विक' म्हटलं, की त्या ग्लासावर चमचा वाजवतात. मग सगळा वर्ग वळून बघतो. माझ्या वेळी जरा जास्तच वाजतो.

वर्गात माझ्या शेजारी बसणारी मारिव्हिक म्हणायची, "अगं, ते अमेरिकन स्वतः तरी कुठे धड बोलतात? त्यांच्यापुढे कुणी ग्लास ठेवलाय का?" आम्ही खूप हसलो. गेल्या शुक्रवारी तिची परीक्षा झाली. सोमवारी तिची खुर्ची रिकामी होती. माझी परीक्षा या शुक्रवारी आहे. तू काळजी करू नकोस. चर्चमध्ये माझ्या नावाची एक मेणबत्ती मात्र लाव.

हल्ली कॅन्टीनमध्ये कुणी कॉफी ढवळली तरी माझं तोंड आपोआप मिटतं.

रविवारी तू फोनवर विचारलंस, "कशी आहेस गं?" मी इतका वेळ गप्प राहिले की तू "हॅलो, हॅलो" करून शेवटी फोन ठेवलास. रेंज गेली नव्हती, नानाय. मी उत्तर जुळवत होते, आपल्याच भाषेत, आणि चमचा वाजायची वाट बघत होते.

तुझी थोरली लेक,
जोव्हेलिन