डाव्या कानाची चीर

१ डिसेंबर, मिरज

माझा फोटो! सतार बनवणाऱ्यांच्या गल्लीकडं निघालो होतो, वाटेत प्रदर्शनाचा बोर्ड दिसला म्हणून आत घुसलो. पहिला नंबर — बिराप्पा धनगर, खांद्यावर कोकरू, मागं धूळ. हा मी काढलाय! गेल्या उन्हाळ्यात, जतच्या माळावर, तीन दिवस त्यांच्या मेंढरांमागं फिरून. आणि खाली नाव कुणाचं? विश्वजीत! माझा दोस्त, कराडचा, फ्लेक्सचं दुकान असलेला. तिथंच ओरडलो — चोर! परीक्षक म्हणाले, मूळ फोटो आणा, मग बघू.

मूळ विश्वजीतच्याच कॉम्प्युटरवर. तेव्हा कॅमेऱ्याचं कार्ड भरलं होतं. त्याच्याकडं उतरवलं, कार्ड पुसलं आणि पवनचक्क्या काढायला पाटणला पळालो.

२ डिसेंबर, कराड

"चोरी कसली गड्या? एआयला तुझा फोटो दाखवला, म्हटलं असला दुसरा कर. एक ठिपका तुझा न्हाई त्यात."

"मग तुझा तरी हाय का?"

हसला! "बटण मी दाबलं. तू बी दुसरं काय केलंवतंस?"

पायाला फोड आले होते, तीन दिवस नुसत्या भाकरीवर काढले होते — हे तेव्हा सुचलंच नाही. आत्ता सुचतंय.

"माझा मूळ दे."

"डिस्क भरली, उडवला. तुझ्याकडं असंल की रं."

एका ताटात जेवलोय आम्ही. आठ वर्षं!

४ डिसेंबर, पाटण

कशाला आलो कळेना. दिवसभर पुलावर बसलो.

७ डिसेंबर

साक्षीदार आहे की! खुद्द बिराप्पा! ह्या दिवसांत त्यांची मेंढरं कराडकडच्या रानांत खतासाठी बसायला येतात. सापडली एकदाची. चुलीपाशी त्यांची बायको, धोंडुबाई. मोबाईलवर बक्षिसाचा फोटो दाखवला. तिनं माणूस नाही, आधी कोकरूच बघितलं.

"हे आमचं न्हाई. आमच्या मेंढराच्या डाव्या कानाला चीर अस्ती, आमची खूण. ह्येचा कान आख्खा हाय." मग माणूस. "आनि ह्यो कोन म्हनायचा?"

परत बघितलं. खरंच बिराप्पा नाहीत! नाक वेगळं, डोळे वेगळे. तीन दिवस त्या माणसामागं फिरलो आणि मलाच कळलं नाही?

"बिराप्पामामा कुठायत?"

"गेलं की. दसऱ्याच्या आदी." राखेत काटकी फिरवत राहिली. "तू कापी देतो म्हनालतास. आदारकार्डावरचा सोडला तर एक फोटू न्हाई त्येंचा. मी म्हनायची, त्यो पोरगा येतोय बगा घिऊन."

पुसला म्हणून सांगायचं होतं. तोंडातनं निघालं — "आहे. आणतो."

मग आधारकार्ड मागून घेतलं. नाव नीट लिहायला पाहिजे म्हणालो.

९ डिसेंबर, कराड

विश्वजीतच्या दुकानात गेलो. तो काही बोलायच्या आत आधारकार्ड पुढं ठेवलं. म्हटलं, ह्याच्यावरनं कर. कोकरू खांद्यावर. डाव्या कानाला चीर दे.

त्यानं माझ्याकडं बघितलं. या वेळी हसला नाही.

११ डिसेंबर

फ्रेम दिली. धोंडुबाईनं कोकराच्या कानावरनं अंगठा फिरवला. "आमचंच. तूच काढल्याला न्हवं ह्यो?"

व्हय म्हणालो.