हॉलमधल्या कॉम्प्युटरचा पासवर्ड

अहो,

भाजी आणायला जातेय. तुमच्या हॉलमधल्या कॉम्प्युटरवरचा शेअर्ड फोल्डर बेडरूममधल्या माझ्या डबड्यावर सकाळपासून उघडत नाहीये, नुसता पासवर्ड मागतोय. केबल काढून लावली, दोन्ही बंद करून चालू केले. मग कळलं, परवा तुमच्या ताईंवरून भांडलो, त्याच रागात आज तुम्ही तो पासवर्ड घातलाय. अबोला आपला, त्यात या दोन कॉम्प्युटरना कशाला ओढता? निरोप त्या फोल्डरमध्ये टाकतो म्हणून तर न बोलता संसार चाललाय!

पासवर्ड कागदावर लिहून मिक्सरपाशी ठेवा. तोंडाने सांगू नका. माझं नाव टाकून पाहिलं, उघडलं नाही. लेकीचंही चाललं नाही. तुमच्या ताईंचं मुद्दाम टाकलं नाही. उघडलं असतं तर?

पद्मजा