आतले मुडी बांधणारे

प्रिय केशर,

बेळगावच्या दवाखान्यात माझं बरं चाललंय. जेवण वेळेवर मिळतं, पण आमटीत मीठ आणि माणसांत बोलणं, दोन्ही बेताचंच. आपल्या गुंद गावच्या माणसाला इथे करमणार कसं? आईला सांग, माझ्यासाठी देवापुढे रोज रडू नको, देवही कंटाळला असेल.

तापानंतर हातपाय लुळे पडले तेव्हा मला वाटलं, माझ्या शिराच मेल्या. हे हात पुन्हा नांगर धरणार नाहीत. तुलाही तेच वाटलं असणार, नाहीतर चुलतभाऊ कान्हूला शेत कसायला देऊन टाकायचं तू मनात आणलं नसतंस. मीही तुला अडवलं नाही.

पण परवा डॉक्टर सुनयनाबाईंनी मोबाइलवर एक चित्र दाखवलं. आडवी कापलेली शीर, आत बारीक तंतू आणि प्रत्येक तंतूभोवती काळं कडं. ते कडं म्हणजे तंतूचं वेष्टन. माझ्याच अंगाने शत्रू समजून ते ओरबाडलं होतं. आतले तंतू मात्र बरेचसे शाबूत आहेत म्हणे.

आणि केशर, ते वेष्टन घालतं कोण? तंतूला बिलगून राहणाऱ्या मदतनीस पेशी! मेंदूचा निरोप हातापायांकडे नेतो तो तंतू, या स्वतः नेत नाहीत, पण त्यांच्यावाचून तो निरोप धड पोचत नाही. एकेक पेशी तंतूचा एवढासा तुकडा धरते आणि त्याला गुंडाळत राहते. आपण बियाण्याच्या भाताची मुडी पेंढ्याने बांधतो ना, फेऱ्यावर फेरा, तसं. पेंढा फाटला म्हणून आपण बियाणं फेकत नाही, नवा पेंढा घेऊन बसतो. या पेशीही आधी फाटकं साफ करतात, मग पुन्हा गुंडाळायला घेतात. मी छताकडे बघत कण्हत होतो आणि आत हे चाललं होतं! ऐकून अंगावर काटा आला, आणि आलेला मला जाणवला, याचं तर फारच नवल वाटलं.

रामनगरची नर्स सुमंगला म्हणते, "घाई करू नका झिलूदादा, आत काम चालू हाय." महिने लागतील, थोडं उणंही राहील, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

हे फोनवरही सांगता आलं असतं, सुमंगला तो कानाशी धरतेच. पण नुसत्या बोलण्यावर तुझा विश्वास बसला नसता. यंदाची पेरणी कान्हूकडून करून घे, शेत मात्र देऊ नकोस. अक्षर वेडंवाकडं आहे, पेन सारखं गळून पडतं, चार ओळी झाल्या की बोटं थकतात. पण हे मी कुणाकडून लिहून घेतलेलं नाही.

तुझाच,
झिलू