अर्धी तुला, अर्धी मला

३ फेब्रुवारी, सोमवार

आज भिंगरीची गोळी मी घेतली. एकच. लिहून टाकते, म्हणजे मनात सलत राहणार नाही.

करू तरी काय! गणवेशांची मोठी ऑर्डर आली आहे, दोन आठवडे डबल पाळी. शनिवारी साठ थरांच्या कापडावर मशीन चालवताना माझा डोळा लागला. क्षणभरच. पातं खडूची रेघ सोडून थेट बोटांकडे निघालं होतं. जाळीचा हातमोजा होता म्हणून निभावलं. सुपरवायझर म्हणाले, "बाई, झोपायचं तर घरी झोपा." घरी! घरी आठ वर्षांची भिंगरी आहे. हे नाव तिच्या बापाने ठेवलं आणि मग स्वतःच गरगरत कुठे गेला, पत्ता नाही. पोर वर्गात एका जागी बसत नाही म्हणून डॉक्टरीणबाईंनी ही गोळी सुरू केली. रोज सकाळी एक. तिचं चित्त ठिकाणावर राहतं. म्हटलं, माझंही राहील.

४ फेब्रुवारी

राहिलं की! काल एक तुकडा वाया गेला नाही. कॉलर, बाह्या, खिसे – सगळं रेघेवर. काजवाली – माझी मैत्रीण, काज-बटणांच्या मशीनवर बसते – म्हणाली, "काय गं, वरमाईसारखी मिरवतेयस आज!" घरी येऊन भांडी, कपडे, कपाट, सगळं उरकलं. भूक म्हणून नाही. भिंगरीने दूध सांडलं तर मला हसू आलं. ती बघतच राहिली. "आई, तू आज रागावली नाहीस. रोज अशीच राहा ना."

९ फेब्रुवारी, रविवार

गोळ्या मोजून मिळतात. तीस दिवसांच्या तीस. दर महिन्याला नवी चिठ्ठी, औषधांच्या दुकानातल्या काकांची जाडजूड वही, त्यात माझी सही. दर वेळी तेच पुराण – "ही साधी गोळी नाही ताई. कुलपात ठेवा. दुसऱ्या कुणी घ्यायची नाही. आणि अख्खी गिळायची – मोडायची नाही, चावायची नाही."

रविवारी शाळा नसते, तेव्हा नाही दिली तरी चालेल, असं डॉक्टरीणबाईच म्हणाल्या होत्या. म्हणजे महिन्याला चार उरतात. त्या माझ्या. चारच. कानाला खडा.

१३ फेब्रुवारी

चारही संपल्या. खडा कुठे पडला देव जाणे.

१४ फेब्रुवारी

युक्ती सापडली. अर्धी तिला, अर्धी मला.

उसवायच्या पात्याने गोळी कापली. वीस वर्षं कापतेय, माझ्या हातचे दोन तुकडे कधी कमी-जास्त झालेले नाहीत. या गोळीचेही झाले नाहीत. काका मोडू नका म्हणाले होते, पण ते सगळ्यांनाच काही ना काही सांगतात. उपाशीपोटी नको, उन्हात नको. सांगणाऱ्याचं काय जातं! बसल्या बैठकीला सगळं पाकीट कापून ठेवलं.

भिंगरीने विचारलं, "आज छोटी का?" म्हटलं, "तू शहाणी झालीस ना, आता एवढीच पुरते." केवढी खूश झाली! शेजारणीलाही सांगून आली.

२० फेब्रुवारी

शाळेतून चिठ्ठी. सकाळी सारखी बडबड, डोळे मिचकावते, नखं कुरतडते. दुपारी बाकावर डोकं ठेवून रडते. असं का व्हावं? औषध तर निम्मंच जातंय.

माझं काय सांगू. दात आवळून आवळून जबडा दुखतो. छातीत धडधड. झोप तर विसरलेच. कारखान्यात दोघी कुजबुजत होत्या, माझ्याबद्दलच असणार. चोराच्या मनात चांदणं! अर्धीने आता भागत नाही. उद्याचीही आजच घेते.

२७ फेब्रुवारी

काजवाली म्हणाली, "आरशात बघितलंस का? हँगरला ब्लाउज लटकवल्यासारखी दिसतेस. काय घेतेस, खरं सांग." मी सगळ्यांसमोर तिच्या अंगावर ओरडले. तोंडाला येईल ते बोलले. ती आपल्या मशीनवर जाऊन बसली. सुट्टीत स्वतःचा डबा माझ्या टेबलावर ठेवून गेली. घास उतरला नाही.

२ मार्च, रविवार

आज नाही घ्यायची असं ठरवलं. दुपारी दोनपर्यंत तग धरला. अंग शिशाचं, डोक्यात कापूस. भिंगरीची पेन्सिल हरवली म्हणून तिच्या पाठीत धपाटा घातला. एवढ्याशा पाठीत! तिने कंपासपेटी छातीशी धरली. "शोधून देते," म्हटलं तर हातच लावू देईना.

मोरीत जाऊन अर्धी घेतली. घेण्यासाठी कारण हवं होतं, तो धपाटा झाला कारण. मी कुठल्या थराला गेले आहे!

७ मार्च

उद्या शाळेत पळण्याची शर्यत. पळणं ही एकच गोष्ट, जिच्यासाठी पोरीला आजवर कुणी बोल लावला नाही. दोन दिवस नुसती उड्या मारतेय. "आई, तू येशील ना? पहिल्या रांगेत बसशील ना?"

येणार. आणि उद्याची गोळी पूर्ण तिची. पाकिटात अख्खी एकही नाही, पण दोन अर्ध्या म्हणजे एकच ना! एक दिवस तरी तिच्या वाटचं तिला देते.

८ मार्च

भिंगरी पडली.

९ मार्च, रविवार

इस्पितळातल्या बाकावर बसून लिहितेय. लिहिलं नाही तर वेड लागेल.

सगळ्यांच्या पुढे होती. वळणावर थांबली, छाती धरली. मी धावत गेले. म्हणाली, "आई, आत कुणीतरी पळतंय. थांबव ना त्याला." ओठ पांढरेफटक. तशीच माझ्या अंगावर कोसळली. आता छातीला वायरी लावल्यात. पडद्यावरची रेघ मध्येच उसळते, मध्येच रेंगाळते. आयुष्यभर रेघा बघितल्या, ही बघवत नाही.

डॉक्टरीणबाई आल्या. शांतपणे समजावून सांगितलं – गोळीतून औषध दिवसभर थोडं थोडं सुटावं, अशी ती बनवलेली असते. मोडली की ते सगळं एकदम अंगात जातं. मोठ्या माणसाचंही हृदय बिघडू शकतं. "तुम्ही अख्खीच देता ना?"

"हो."

मग भिंगरीला विचारलं, "अख्खी गिळतेस ना गं?" तिने माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. "हो."

बाई म्हणाल्या, "मग हृदयातच काही दोष आहे का, ते बघावं लागेल. मांडीतल्या शिरेतून नळी घालून तपासू. बुधवारी."

दोष! लेकराच्या हृदयात! इतके दिवस अर्धी-अर्धी देऊन तिला त्रास दिला, आणि ज्या एका दिवशी तिचं तिला पूर्ण दिलं त्या दिवशी जिवावर बेतलं. माझे हे चोख हात झडले असते तर बरं झालं असतं.

१० मार्च

मी गोळी तोडत होते. चारच शब्द. तीनदा बाईंच्या दारापर्यंत गेले. एकदा त्यांनी मान वर करून "काय हो?" असं विचारलंसुद्धा. म्हटलं, "पाणी कुठे मिळेल?"

सांगितलं तर पोलीस येतील. पोरगी काढून घेतील. नाही सांगितलं तर तिच्या हृदयापर्यंत नळी जाईल, विनाकारण. आणि खरं लिहायचं तर तिसरी भीती सगळ्यांत मोठी आहे – पुढची चिठ्ठी मिळणार नाही. हे वाचून मलाच माझी किळस येते. घरात एकही उरली नाही. अक्षर बघ, रेघ सोडून चाललंय.

११ मार्च

तपासणीच्या संमतीच्या कागदावर सही केली. काजवाली येऊन भिंगरीच्या पायांशी बसली, मला एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित सांगितलं असतं.

भिंगरी म्हणाली, "आई, मला कुठे कापणार?" म्हटलं, "कापत नाहीत गं, बारीकसं छिद्र पाडतात." ती म्हणाली, "तू असशील ना तिथे? तू नीट कापतेस."

उद्या सकाळी आत नेण्याआधी सांगेन. सांगेनच.

१२ मार्च, बुधवार

न्यायला यायच्या आधी भिंगरीने जवळ बोलावलं. शाळेचं दप्तर तिच्याबरोबरच आलं होतं, त्यातली कंपासपेटी उघडली. खोडरबराखाली वहीच्या कागदाची पुडी. पुडीत पाच अर्ध्या गोळ्या, कडा थोड्या विरघळलेल्या.

"जिभेखाली धरायचे आणि मग काढून ठेवायचे. रोज नाही, कधी कधी. तुझ्यासाठी. तू घेतलीस की रागावत नाहीस."

मी "नको" म्हणणार होते. त्याआधीच माझा हात पुढे झाला होता.